नवे दिवे आणि दुधाच्या दोन पिशव्या

बाबा,

गाडीची चावी मी घेऊन जातेय, घर उलटंपालटं करू नका.

तुम्ही हौसेनं बसवलेले एलईडी काल गॅरेजवाल्या काकांकडून काढून घेतले आणि पुन्हा हॅलोजनच लावले. आपल्या गाडीचा दिवा हॅलोजनसाठीच बनवलाय. त्यात एलईडी घातला की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून सगळे तुमच्यावर हॉर्न वाजवतात. लोक माजलेले नाहीत, बाबा, त्यांना दिसेनासं होतं!

पिवळी पडलेली काचही काकांनी घासून दिली. रात्री मी स्वतः चालवून पाहिली, रस्ता लख्ख दिसतो. तेव्हा आता दिव्यांवर खापर फोडणं पुरे.

संध्याकाळी पाचला तयार राहा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गाडी मी चालवणार. "मला काय धाड भरलीय" हे आईला ऐकवा, मला नको.

अक्षर मुद्दाम एवढं मोठं काढलंय. कालच्या चिठ्ठीत "दूध आणू नका" असं लिहिलं होतं. तुम्ही "वाचली, वाचली" म्हणालात आणि दोन पिशव्या घेऊन आलात.