जुनी उपटली, त्याची गोष्ट

प्रिय नोएलिया,

तू फोन आपटलास त्याला आज अकरा दिवस झाले. राग गेला असेल असं धरून लिहिते. नसेल गेला तर आधी पाणी पी, मग वाच. इथे काल्वियोत पेरू ऐन भरात आहेत, सगळ्या गल्लीला मुरंब्याचा वास येतोय, आणि माझे गुडघे होते तसेच कुरकुरताहेत.

चूक माझी, पण निम्मी आपल्या स्पॅनिशची. यंत्र सुरू करणं म्हणजे 'आर्रांकार', आणि दात उपटणं म्हणजेही 'आर्रांकार'. तू फोनवर घाईघाईत म्हणालीस, "जुनी डिस्क आर्रांका, आई!" मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि चालू कॉम्प्युटरमधून ती उपटून काढली. त्यावर तू ओरडलीस, "तुला आता झेपत नाही! दुकान विक आणि माझ्याकडे ग्वादालाहाराला ये." मी हो म्हटलं. खरं सांगते, घाबरून म्हटलं. एकवीस वर्षं मी शाळांचे बिल्ले भरतेय. माझं भरतकामाचं मशीन कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टीमशिवाय कुणाचं ऐकत नाही, आणि शाळा आता नमुने पाठवतात ते नवीतच उघडतात. दोन्ही हव्यात, नाहीतर दुकान बंद. ट्रक घेऊन सामान न्यायला येते म्हणत तू फोन आपटलास, आणि मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी कुका आली. शाळेच्या कॉम्प्युटर-खोलीतून निवृत्त झाली तरी तिच्या जिभेला अजून हाड नाही. "आउरेलिया, नवऱ्याला असं वेळेवर उपटलं असतंस तर जन्माचं कल्याण झालं असतं!" डिस्क वाचली होती, पण तिच्यावरचं सगळं गेलं होतं. नक्ष्या तेवढ्या फ्लॉप्यांवर होत्या. मी म्हटलं, हात मी लावणार, तू नुसती बोल. तरी तिचं न ऐकता मी नवी सिस्टीम आधी घातली आणि जुनी मागून. जुनीने येऊन नवीचं दारच बंद केलं. कॉम्प्युटर सुरू करताना नवीचं नावसुद्धा दिसेना. "अगं, सासू आधी, सून मागून!" कुका म्हणाली. "सून येताना बघते की घरात सासू आहे. सासूच्या काळी सून जन्मलीसुद्धा नव्हती, सासूला ती कशी कळणार?" सगळं पुसून पुन्हा घातलं. चार दिवस गेले. आता बटण दाबलं की पडदा विचारतो, जुनी की नवी, आणि मी त्याला सांगते. काल नदीपलीकडच्या शाळेचा नमुना नवीत उघडला, जुनीत टाके बसवले आणि साठ बिल्ले भरून दिले. एकही टाका सुटला नाही.

येत्या रविवारी तू ट्रक घेऊन येणार आहेस, म्हणून हे पत्र. फोनवर तू बोलायला लागलीस की मी हो म्हणून मोकळी होते, तुझ्या लहानपणापासूनची माझी खोड आहे ती. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. नाही, नोएलिया. मी दुकान विकणार नाही आणि इथून हलणार नाही. ट्रकवाल्याला नको म्हणून सांग. तू मात्र ये, जेवायला.

तुझीच, अजून झेपणारी,
आई