कपारीतल्या कपच्या

आबा,

आपल्या गडाच्या पोटाशी खडीचा क्रशर बसणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. मोजणी झाली, चुन्याच्या रेघा मारून झाल्या. तेवढ्यात उत्खनन करणाऱ्या एक बाई पुण्याहून आल्या आणि बुरुजाखालच्या कपारीत त्यांनी चर खणला. तुम्ही दुपारची मेंढरं बसवायचात, तीच कपार. तिथं गारगोटीच्या कपच्या निघाल्या, नखाएवढ्या, ब्लेडच्या धारेच्या. गड बांधला गेला त्याच्या हजारो वर्षं आधी, लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी त्या फोडल्या होत्या म्हणे. बाई म्हणाल्या, हे पक्कं झालं तर इथं सुरुंग लावायला कुणालाही परवानगी मिळणार नाही. गाव खूश झालं. सुट्टीला गावी आलेल्या मला मात्र आनंद होईना. कारण झाडून सगळ्या कपच्या मातीत उभ्या खोचलेल्या होत्या, धार खाली करून. हे काम कुणाचं, ते मला माहीत होतं.

अजून डोळ्यांपुढे आहे: मी आठ-नऊ वर्षांची आहे, तुमची भाकरी घेऊन गड चढतेय. तुम्ही कपारीतल्या मोठ्या शिळेवर बसला आहात. उतारावर सापडलेली कपची तुम्ही बोटांत फिरवता, मग वाकून शिळेच्या कडेला मातीत खोचता. मी विचारते, असं का? तुम्ही म्हणता, "धार वर ऱ्हायली तर बसणाऱ्याला लागंल." इथं आपल्याशिवाय बसतंय कोण, असं मी हसून म्हणते. तुम्ही हसत नाही. "आपुन उठलो की बसत्यात," एवढंच बोलता आणि भाकरीचं फडकं सोडता. मी वात्रटच होते. एकदा संध्याकाळी तुम्ही मेंढरं घेऊन उतरल्यावर मागे राहून एक कपची उपटून धार वर करून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघितलं, तर ती पुन्हा खाली खोचलेली. आबा, तुम्ही आदल्या संध्याकाळी उतरलात ते थेट आटपाडीच्या बाजाराला गेला होतात, अजून परतलाही नव्हतात. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्हाला नवल वाटलं नसतं आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

आता मी फलटणला शाळेत शिकवते, मुलांना खोटं बोलू नका म्हणून दमात घेते. म्हणून तीन दिवस कसेबसे गप्प बसले आणि चौथ्या दिवशी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. कप्पी लावून त्यांनी तुमची शिळा बाजूला घेतली होती. कपारीचं छत कधीकाळी कोसळलं, त्याचाच तो तुकडा; तो पडल्यापासून त्याच्याखाली कुणाचा हात जाणं शक्य नव्हतं. खालची माती दगडासारखी घट्ट होती आणि तिच्यात चार कपच्या उभ्या होत्या. चारही धार खाली. तुम्ही जन्मभर त्यांच्यावर बसत होता, आबा, आणि तुम्हाला हे कुणी शिकवलं होतं, ते मी कधी विचारलंच नाही.

पण चारांवर डोंगर वाचत नाही, असं बाई म्हणाल्या. शिळेच्या कडेच्या साठेक कपच्यांत त्या जुन्या माणसांनी खोचलेल्या आणि तुम्ही खोचलेल्या मिसळल्या होत्या. तुमच्या तेवढ्या बाजूला काढल्या तर उरलेल्या पुरावा म्हणून टिकतील, नाहीतर क्रशरवाले सगळंच एका मेंढक्याचं काम म्हणून उडवून लावतील. तुम्हाला खोचताना पाहिलेली मी एकटीच उरले आहे. त्यांनी चराचा फोटो समोर ठेवला, प्रत्येक कपची जशी उभी होती तशी. मला वाटलं होतं, बघताक्षणी कळेल. तुमचा तिरपा हात, तुमची घाई, काहीतरी दिसेल. मी खूप वेळ बघत बसले. मग सात ठिकाणी बोट ठेवलं.

बाईंनी विचारलं, "नक्की?"

"माझ्या बापाचा हात मला कळणार न्हाई व्हय?" मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा चढलाच.

त्या सात वेगळ्या पिशवीत गेल्या. बाकीच्या अहवालात गेल्या. चुन्याच्या रेघा आता धुऊन गेल्यात आणि गडाला कुणी हात लावणार नाही. गावात माझं कौतुक चाललंय, मी मान खाली घालून ऐकते. हे पत्र मी कुठं टाकणार? घडी करून पुस्तकात ठेवीन. पण बाईंना जे सांगता आलं नाही, ते निदान तुम्हाला सांगते. तुमचा हात मला नाही कळला, आबा.