चोवीस गिलास

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

केंद्रप्रमुखांचा पुन्हा मेसेज. ‘कृतियुक्त शिक्षणाचे फोटो आले नाहीत.’ मुलांना काय आलं हे कुणी विचारत नाही. फोटो हवा!

तिसरी-चौथी मिळून अकरा मुलं. एकवीस वर्षं झाली मला शिकवायला लागून. पूर्वी असलं काही करायला मजा यायची. आता नुसती उरकते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

‘मी दिवसभरात किती पाणी पितो?’ – हा उपक्रम दिला. दोनशे मिलीचा एक गिलास, पाच गिलास म्हणजे एक लिटर. मुलांनी बाटलीत ओतून स्वतः पडताळून पाहिलं. अर्धा वर्ग ओला. गुरुवार-शुक्रवार घरी मोजायचं, वहीत रेघा मारायच्या, शनिवारी आणायचं. निम्मी पोरं अंदाजे आकडा लिहून आणतील, माहीत आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आलेख केला. माचिसच्या रिकाम्या डब्या, एक डबी म्हणजे एक गिलास. कुणाच्या पाच, कुणाच्या सात. चौथीतल्या अंकिताने चोवीस रचल्या. म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच लिटर, या थंडीत! सगळे हसले. मी म्हटलं, नीट मोजलं नाहीस.

“मोजलं, मॅडम. दोन्ही दिवस मोजलं.”

तिचा मनोरा फोटोत मावेना. मी वरच्या अठरा डब्या काढायला लावल्या आणि वहीतल्या चोवीसवर लाल काट मारून सहा लिहिलं. तिने एकेक डबी टोपलीत ठेवली. फोटो छान आला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अंकिता तासात तिसऱ्यांदा ‘बाहेर जाऊ?’ म्हणाली. बसवून ठेवली. नंतर बाकावर डोकं टेकून झोपली. रागावले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अंकिता काल नाही, आज नाही. तिच्या शेजारी बसणारी आचल सांगत होती, ‘ते उलट्या करून राह्यली.’ मी हजेरीत गैरहजर लिहिलं. बस पकडायची होती.

केंद्रप्रमुखांनी आमचा फोटो ग्रुपवर टाकला. ‘उत्तम उपक्रम.’ चौदा अंगठे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

शाळेत पोहोचले तर कळलं, पहाटे अंकिताला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. ऑटोत बेशुद्ध होती. शुगर आहे म्हणे. नऊ वर्षांच्या मुलीला!

शिकवलं नाही आज. मुलांना चित्रं काढायला दिली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले. तिच्या दोन्ही हातांना नळ्या. डोळे उघडते, पुन्हा मिटते. आई-बाप पुण्याला कंपनीत, ते अजून वाटेत होते. जवळ फक्त आजी, तानाबाई. तीच हिला सांभाळते. डॉक्टरांनी तिला काय काय विचारलं ते सांगत बसली. मुलगी वाळली होती का, वारंवार लघवीला जायची का, पाणी किती प्यायची.

“म्या सांगतलं, लय पेत होती. पण मोजलं नाई न कोणी.”

मोजलं होतं.

सफरचंदांची पिशवी ठेवली आणि निघाले. जिन्यावर बसून राहिले. एवढ्या वर्षांत एका मुलीने मी सांगितलं तसं, अगदी तसंच केलं. आणि तिला मी खोटं ठरवलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

नवऱ्याला, धनंजयना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू काय डॉक्टर आहेस? खरं आहे. पण शिक्षक तरी आहे का मी? राजीनाम्याचा अर्ज लिहिला. पर्समध्ये ठेवला.

मंगळवार, २ डिसेंबर

अंकिता उठून बसली म्हणे. वर्गात मन लागत नाही. खडू हातात धरून उभी राहते. पोरं वाट पाहतात.

गुरुवार, ४ डिसेंबर

मधल्या सुट्टीत तानाबाई आली. अंकिताजवळ तिची आई आहे, पण सोमवारी ती पुण्याला परत जाणार. मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. डब्या, लाल काट, बसवून ठेवलं ते. ती म्हणाली, “मीच तं भरून देत होती गिलास. मले तरी कुठं समजलं?”

पदराची गाठ सोडली. आत बिनसुईची सिरिंज.

“आता इंजेक्शन मलेच द्या लागते, दोन्ही टाईम. याच्यावरचे आकडे मले येत नाई. सोमवारच्या आत शिकवता काय, मॅडम?”

घंटा झाली. मुलं आत आली. तानाबाई आचलच्या शेजारी जाऊन बसली.