जप्तीतला राजवाडा

बुध. २२ जाने. ५८, महाड
कोर्टाचा बेलिफ येऊन गेला. कापडवाल्या शेटनं माझ्यावर हुकूमनामा मिळवला तेव्हाच हे दिसत होतं. पडद्यांच्या कापडाची उधारी, वर व्याज. घरात काय सापडणार त्याला, डोंबल! शेवटी नाटकाचे पडदे लिहून घेतले. रस्ता, जंगल, देऊळ, झोपडी. आणि नानांनी रंगवलेला राजवाडा. पहिल्या चारांच्या भाड्यावर आमची चूल पेटते. राजवाडा मी कुणाला देत नाही.
हिनं कळशी उचलली. पाण्याला गेली ती बराच वेळ आली नाही.

शनि. २५ जाने.
वकिलांकडे. म्हणाले, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत, कायदाच आहे. सुताराची करवत तसे तुमचे पडदे. हरकत घेऊ. कोर्टात विचारतील तेवढंच बोला, पोटाची हत्यारं म्हणा आणि गप्प राहा. तीनदा घोकून घेतलं माझ्याकडून. मी काय बिगरीतलं पोर?

रवि. २ फेब्रु.
राजवाडा उलगडून बसलो. नाना, माझे गुरू, मुंबईत पारशी नाटक कंपनीत पडदे रंगवायचे. विलायती छापील चित्रं समोर ठेवून त्या पिढीनं चित्रात खोली आणायला शिकून घेतलं. कमानीमागे कमान, शेवटची अंगठ्याएवढी. रंग मात्र घरचे. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, सगळं सरसाच्या गोंदात कालवलेलं, सरस आदल्या रात्री भिजत घालायचा. आणि साहेबी खांबांच्या मधोमध नानांनी जांभ्याच्या चौथऱ्यावर तुळस उभी केली! राजाच्या महालात तुळस कसली म्हणून कंपनीनं परत केला. मूर्ख लेकाचे. त्या काळचे बाकीचे पडदे कंपन्यांबरोबर कुजून गेले, हा एवढा राहिला. जाताना नाना मला म्हणाले होते, घडी घालू नकोस, गुंडाळून ठेव.

मंगळ. ११ फेब्रु.
कोर्ट. लिहवत नाही.
सुरुवात बरी झाली. हत्यारं म्हणालो, गप्प बसलो. मग शेटच्या वकिलानं राजवाड्याचं टोक दोन बोटांत धरून उचललं आणि हसला. या चिंध्यांना हे गृहस्थ कारागिरी म्हणतात, म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, चिंधी नव्हे, चित्र आहे हे. मुंबईचा एक जण रोख पैसे घेऊन दारात आला होता, दिला नाही मी. भाड्यानंसुद्धा कुणाला देत नाही.
शेटचा वकील एकदम मऊ आवाजात, 'म्हणजे यावर तुमचं पोट नाही?'
'नाही.'
छाती काढून म्हणालो वर. आमचे वकील टेबलाकडे बघत राहिले.
चार पडदे हत्यारं म्हणून सुटले. राजवाडा लिलावात.
घरी हिला सांगितलं. 'एवढी जीभ आवरली असती तर', म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

शुक्र. ७ मार्च
लिलाव. शेटनंच घेतला, मातीमोल. दुसरा बोली लावणार कोण? देणं अजून उरलंच आहे. हमाल सतरंजीसारखी घडी घालायला लागला. अरे गुंडाळ, गुंडाळ, म्हणून ओरडलो. बेलिफ हळूच म्हणाला, 'मास्तर, आता तुमचा नाही तो.'
जेवलो नाही.

गुरु. १ मे
नाते गावचा सखाराम 'रस्ता' परत द्यायला आला. मुंबईला नोकरीला असलेल्या पोरांनी गावात येऊन नाटक केलं त्यासाठी नेला होता. राजवाडा त्यांनी शेटकडून भाड्यानं आणलेला. मला हे कळू द्यायचं नव्हतं त्याला, पण राहवलं नाही.
'मास्तर, तुमचा महाल लावला तवा समदी गप झाली. आमची म्हातारी म्हनं, ही तर आपल्या दारातली तुळस हाय. पन रंग सुटलाय ओ. घडीवर पार कापड दिसतंय, तुळस तर अर्धी नाय.'
मी सांभाळून सांभाळून माळ्यावर ठेवला, तो गावानं बघितला तो असा.

रवि. ४ मे
शेटनं बोलावलं. वखारीत पडदा पसरलेला. घड्यांच्या रेघा कमानींवरून आरपार. शेटनं चहा दिला, गोड बोलला. मास्तर, दुरुस्त करा, मजुरी उरलेल्या देण्यात वळती करतो. नसेल जमत तर पोलादपूरचा बोर्डवाला आहे, तेलरंग मारून देतो म्हणतो.
तेलरंग! सरसावर तेल मारलं की पापुद्रे धरणार, खालचं सगळं घेऊन गळणार. आणि मी हात लावला तर तुळस माझी होणार, नानांची राहणार नाही. वर मजुरी त्या शेटच्या घशात. मेलो असतो तर बरं.
ही म्हणते, जा. देणं फिटलं तर पुन्हा बेलिफ दारात यायचा नाही. तिचं खरं आहे. नाना असते तर शिवी हासडली असती, पण मला की शेटला, तेवढं कळत नाही.
शेटचा माणूस सकाळी विचारायला येणार आहे. मी हो म्हटलेलं नाही.
सरस भिजत घातलाय.