एल्ब्रुसवरची लाल फुली

कोल्हापूर, शुक्रवार, १२ डिसेंबर १९९७

आज सुवर्णाच्या घरी जाऊन आले. जावंच लागलं. सातवीच्या चाचणीत युरोपातलं सर्वांत उंच शिखर विचारलं होतं. मी वर्गात माँ ब्लाँ सांगितलेलं, तिनं एल्ब्रुस लिहिलं आणि मी लाल फुली मारली. चांगली मोठी, ठसठशीत फुली.

संध्याकाळी तिचे वडील नेहमीसारखे दूध घालायला आले आणि खिशातून तो पेपरच काढला. "बाई, मार्क नकोत. खरं काय हाय तेवढं सांगा. पोरगी दोन दिस धड जेवंना झालीया."

त्यांना बसवून नकाशाचं पुस्तक उघडलं. एल्ब्रुस ५६४२ मीटर, माँ ब्लाँ ४८०७. इतकी वर्षं मी काय शिकवत होते? एल्ब्रुस ज्या कॉकेशस पर्वतात आहे, तो काही लोक युरोपात धरत नाहीत, हेही मनात येऊन गेलं. पण ती पळवाट झाली. आणि ती फुली समोरच होती.

"उद्या वर्गात सांगते तिला," मी म्हटलं.

"उद्या कशाला? गाडी हाय की."

मग दुधाच्या रिकाम्या किटल्या सांभाळत त्यांच्या मागे बसून गडमुडशिंगीला गेले. सुवर्णा दारातच उभी होती. तिच्यासमोर फुली खोडली, मार्क दिला. "तुझं बरोबर होतं गं. माझं चुकलं."

ती पेपरकडं बघतच राहिली. वाटलं, आता रडणार. तर माझा हात धरून हळूच म्हणाली, "असू दे बाई. आठशे मीटरच तर चुकलं."