उत्तमरावांचे दात

रविवार, १४ डिसेंबर. हिंगोली

शाहीर उत्तमराव गेले. आज त्यांच्या पुण्यानुमोदनाला जाऊन आलो. आखाडा बाळापूरजवळच्या त्यांच्या गावी. माणसं भरपूर होती. मी मागे बसलो.

दोन वर्षं मी गावोगावच्या बोअरचं पाणी तपासायचो आणि ते त्यावर गाणं रचून डफावर म्हणायचे. पहिल्याच कार्यक्रमाआधी म्हणाले होते, "सायेब, तुमचा तक्ता ऱ्हाऊ द्या. मी माझे हे तपकिरी डागांचे दातच दाखवतो. गावचं पाणी पिऊन असे झाले म्हणतो. पार मागच्या रांगेतून दिसतेत!"

मी नको म्हणालो. गाण्यात फ्लोराइडचं प्रमाण घाला, म्हणालो. त्यांची थट्टा होऊ नये असं वाटलं होतं. की माझ्या कामाची? त्यांनी मुकाट्याने आकडे घातले. लोक टाळ्या वाजवून घरी जायचे.

जेवताना त्यांच्या पत्नीने, कमलताईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी कुठलं, मी विचारलं.

"त्याच बोअरचं. जवळ पडते ना."

"ताई, त्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे, गाण्यात तर सांगितलं होतं..."

"गाणं लई गोड होतं सायेब. पण आकडे कोणाच्या ध्यानात ऱ्हातेत?"

समोर त्यांचा फोटो होता, ओठ घट्ट मिटलेला. ताई म्हणाल्या, दातांमुळे ते कधी फोटोत हसलेच नाहीत. आणि तेच दात ते सगळ्या गावासमोर दाखवायला निघाले होते.

मी ते पाणी प्यालो. त्यांच्या घरात पुन्हा नको म्हणवेना.