न सुटलेली झुंज

नुरेंबर्ग, ईस्टरनंतरचा सोमवार, १५७९

आज सकाळी प्रार्थना आटोपली आणि पहिलं काम केलं ते काठीला रंधा मारण्याचं. डोक्याहून उंच काठी आहे. गावात जन्मभर सुतारकी केली. पन्नाशीला टेकल्यावर तलवारबाजीच्या तालमीत नोकरी लागली! वस्ताद रूप्रेख्ट हसून म्हणाले, "वेंडेलदादा, गावाकडे बैल आवरलेत, आता हे दोन पायांचे आवरा." काम सोपं आहे. झुंजीत कुणाच्या डोक्यातून रक्त आलं की दोघांमध्ये काठी आडवी घालायची. की झुंज सुटली, दोघं मोकळे. रक्त नाही, तर काठी नाही. जेवण वस्तादांकडेच, आज कोबी आणि राय धान्याची भाकरी होती. देवाची कृपा.

रविवार

जाहीर झुंजी झाल्या. सगळं शहर लोटलं होतं. चांभार किलिआन आणि पाववाला योब्स्ट समोरासमोर आले. योब्स्टचा वार किलिआनच्या कानशिलावर तलवारीच्या सपाट बाजूने बसला. रक्त आलं नाही. किलिआन झोकांडला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, घाला ना काठी." मी वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मागून कुणीतरी ओरडलं, "चांभारा, आईला बोलावू का?" लोक हसले. मीही हसलो.

पुढच्या वाराला तो पडला. एक थेंबही न सांडता मेला. मी काठी उभी धरून तसाच उभा होतो.

मंगळवार

त्याला पुरलं. शेवटच्या घडीला तुम्ही जवळ होतात, म्हणून त्याच्या आईने माझे हात हातात घेऊन आभार मानले. मला मान वर करवली नाही. वस्तादांनी पाठ थोपटली. म्हणाले, नियम पाळलात. आज प्रार्थनेला शब्द सापडले नाहीत.

गुरुवार

भर दुपारी योब्स्ट एकटाच तलवारीचा सराव करत होता. मध्येच त्याची तलवार हवेत अडली. लोखंडावर लोखंड वाजलं. समोर कुणी नव्हतं. जमिनीवरच्या भुशात मात्र पावलं उमटत होती — पुढे, मागे —

शुक्रवार

योब्स्टच्या कानशिलावर काळीनिळी गाठ आली आहे. रक्त नाही. म्हणतो, "काका, तो सोडत नाही मला. झुंज सुटलीच नाही म्हणतो." वस्ताद म्हणतात, बिअर चढली असेल. मी पुन्हा नुसता उभा — पुन्हा वस्तादांच्या तोंडाकडे बघत — लाज वाटते, देवा —

शनिवार

योब्स्ट गुडघ्यांवर आला. हवेतून वार पडत होते. रक्त नाही. तोही तेच म्हणाला, काका, घाला ना. वस्ताद ओरडले, खबरदार —

घातली. रक्त न बघता आडवी घातली. वार थांबले.

वस्तादांनी नोकरीवरून काढलं. योब्स्ट जिवंत आहे, त्याला घरी नेलं. तालमीत मी एकटा. काठी मांडीवर आडवी आहे. तिचं दुसरं टोक जड झालंय — कुणीतरी दमून टेकलंय — गार हात माझ्या हाताकडे सरकतो आहे —

किलिआन, लेकरा, चुकलो रे. आता घातली आहे, झुंज सुटली. आता तू —